कृत्रिम श्वसनावरील रुग्णाचे सक्शन : वेळापत्रक की गरज?

प्रस्तावना

निरोगी माणूस दिवसभरात अनेकदा खाकरतो, खोकतो आणि ते विसरूनही जातो. श्वासमार्गातील सूक्ष्म केसलांच्या हालचालीने वर सरकणारा स्राव खोकल्याच्या एका झटक्यात बाहेर पडतो. व्हेंटिलेटरवरील रुग्णाची ही सोय मात्र हिरावली जाते. त्याच्या श्वासनलिकेत घातलेली नळी स्वरतंतूंच्या मधून जाते. स्वरतंतू मिटल्याशिवाय जोरकस खोकला येत नाही आणि आवाजही फुटत नाही. त्यामुळे हा रुग्ण स्राव बाहेर टाकू शकत नाही व 'मला श्वास घेता येत नाही' असे सांगूही शकत नाही. ही दोन्ही कामे परिचारिकेला करावी लागतात. त्यांपैकी पहिले काम म्हणजे सक्शन होय. वरवर यांत्रिक वाटणाऱ्या या क्रियेमागील शास्त्र प्रस्तुत लेखात विशद करण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक संदर्भ

१९५२ मध्ये कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली. गिळण्याची शक्ती गेलेले रुग्ण स्वतःच्याच लाळेत व स्रावात गुदमरत होते. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन नळी बसविण्याचा, तीतून स्राव ओढून घेण्याचा व हाताने पिशवी दाबून श्वास देण्याचा मार्ग अवलंबिला. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रुग्णांजवळ बसून दिवसरात्र हे काम केले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा उगम या घटनेत मानला जातो. श्वास देणे आणि श्वासमार्ग मोकळा ठेवणे या दोन गोष्टी प्रारंभापासूनच एकमेकींशी जोडलेल्या आहेत, हे यावरून लक्षात येते.

कोल्हापूर परिसरातील दोन प्रकारचे रुग्ण

कोल्हापूर जिल्हा हा ऊसशेतीचा व डोंगरी वाड्यावस्त्यांचा जिल्हा आहे. येथील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील 'सीपीआर'सारख्या, मोठ्या रुग्णालयांतील परिचारिकेला दोन प्रकारच्या रुग्णांची तयारी ठेवावीच लागते.

पहिला रुग्ण ऑरगॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशकाच्या विषबाधेचा. या विषामुळे ॲसिटिलकोलिन या रसायनाचे विघटन थांबते, परिणामी तोंडात व फुप्फुसांत स्रावाचा अक्षरशः पूर येतो. ॲट्रोपिनचा अंमल बसेपर्यंत अशा रुग्णाला एका तासात अनेक वेळा सक्शन लागू शकते.

दुसरा रुग्ण मण्यारीच्या दंशाचा. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ही घटना अनेकदा कळतही नाही. विषाने स्नायू लुळे पडतात, पापण्या मिटतात, श्वास थांबतो. लाळ गिळता न आल्याने ती घशात साचते, परंतु फुप्फुसे सुरुवातीला बहुधा स्वच्छ असतात. महत्त्वाची बाब ही की, हा रुग्ण बेशुद्ध दिसत असला तरी अनेकदा शुद्धीवर असतो. त्याला सर्व ऐकू येते, वेदना जाणवतात, फक्त हालचाल करता येत नाही.

या दोघांनाही 'दर दोन तासांनी सक्शन' हा एकच नियम लावला, तर पहिल्याला तो अपुरा पडेल आणि दुसऱ्याला विनाकारण यातना देईल. प्रस्तुत लेखातील प्रश्नाचे मूळ येथेच आहे.

सक्शनची गरज कशी ओळखावी?

सक्शन ठरावीक अंतराने न करता गरजेनुसार करावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ही गरज पुढील लक्षणांवरून ओळखता येते :

१. नळीत स्राव दिसणे अथवा घरघर ऐकू येणे.
२. स्टेथोस्कोपने श्वासनलिकेवर खरखरीत आवाज येणे.
३. व्हेंटिलेटरच्या पडद्यावरील प्रवाहाची रेषा करवतीच्या दात्यांसारखी दिसणे.
४. श्वासमार्गातील दाब वाढणे किंवा प्रत्येक श्वासात जाणारी हवा कमी होणे.
५. रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण घटणे.

तपासणी वेळापत्रकाप्रमाणे व्हावी, सक्शन मात्र तपासणीच्या निष्कर्षाप्रमाणे व्हावे, असे याचे सार सांगता येईल.

कार्यपद्धती व तिची कारणमीमांसा

सक्शन करताना स्रावाबरोबर फुप्फुसातील हवाही ओढली जाते. म्हणून आधी व नंतर सुमारे ३० ते ६० सेकंद शंभर टक्के ऑक्सिजन दिला जातो. कॅथेटर नळीच्या आतील व्यासाच्या निम्म्याहून जाड नसावा. निम्मा व्यास म्हणजे एक चतुर्थांश क्षेत्रफळ. उरलेल्या जागेतून हवा आत येत राहते व फुप्फुस आकसत नाही. 'फ्रेंच' मापाचे ३ एकक म्हणजे १ मिलिमीटर. म्हणजेच ८ मिलिमीटरच्या नळीसाठी १२ फ्रेंचपर्यंतचा कॅथेटर योग्य ठरतो.

कॅथेटर आत घालताना ओढ बंद ठेवावी, बाहेर काढताना सुरू करावी आणि एक खेप १५ सेकंदांत संपवावी. ओढीचा दाब काम होईल इतकाच, शक्य तितका कमी असावा. प्रौढांमध्ये तो साधारणतः उणे १५० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत ठेवण्याचा प्रघात आहे. कॅथेटर अडेपर्यंत खोल न नेता नळीच्या टोकापर्यंतच नेणे श्रेयस्कर, कारण पुढील नाजूक अस्तराला इजा होऊन रक्तस्राव होतो. स्राव पातळ करण्यासाठी प्रत्येक वेळी नळीत सलाईन सोडण्याची रूढ पद्धतही आता सरसकट योग्य मानली जात नाही. तोंडात फिरविलेला कॅथेटर पुन्हा श्वासनलिकेत कधीही घालू नये.

व्हेंटिलेटरची जोडणी न सोडता करावयाच्या बंद सक्शन पद्धतीत फुप्फुसातील दाब टिकून राहतो. कर्मचाऱ्यांच्या अंगावर तुषारही उडत नाहीत. २०२०-२१ च्या कोविड साथीत या पद्धतीचे महत्त्व विशेषत्वाने जाणवले.

अनावश्यक सक्शनमुळे ऑक्सिजन घटणे, व्हेगस चेता उत्तेजित होऊन हृदयगती मंदावणे, मेंदूतील दाब वाढणे व जंतुसंसर्ग हे धोके संभवतात. उलट, आवश्यक सक्शन टाळल्यास नळी तुंबून रुग्ण दगावू शकतो.

अध्यापनातील काही निरीक्षणे

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थिनींना शिकवताना एक अडचण जाणवते. मराठीतील 'कफ' म्हणजे बेडका आणि नळीभोवतीचा फुगाही 'कफ'च! 'कफ तपासा' या सूचनेचे दोन अर्थ होतात. म्हणून वर्गात 'स्राव' व 'फुगा' असे स्वतंत्र शब्द वापरणे हितावह ठरते.

दुसरे निरीक्षण अधिक गंभीर आहे. प्रात्यक्षिकाच्या वेळी एका ठिकाणी चार्टवरील सक्शनचे रकाने पाळी संपण्याआधीच भरलेले प्रस्तुत लेखिकेने पाहिले आहेत. यात केवळ वैयक्तिक निष्काळजीपणा पाहणे अन्यायाचे होईल. एका परिचारिकेकडे अनेक गंभीर रुग्ण असतील, तर गरज ओळखण्यास लागणारा वेळच तिला मिळत नाही आणि वेळापत्रक हाच आधार उरतो. गरजेनुसार सक्शनसाठी पुरेसे मनुष्यबळ लागते. चार्टमध्येही 'केव्हा केले' याबरोबर 'का केले' हा रकाना असावयास हवा.

समारोप

सक्शन हे हाताचे कौशल्य खरे; परंतु त्याची सुरुवात पाहण्यातून व ऐकण्यातून होते. कॅथेटर उचलण्यापूर्वी रुग्णाला नावाने हाक मारून 'आता नळी साफ करते, थोडा त्रास होईल' एवढे सांगावे. मण्यारीच्या विषाने निश्चल पडलेला रुग्ण उत्तर देणार नाही. पण त्याने ते ऐकलेले असेल. नर्सिंग अभ्यासक्रमात या एका वाक्यालाही कार्यपद्धतीतील पहिल्या पायरीचे स्थान मिळावे, असे वाटते.