नेलं आणि आणलं

आंजर्ल्यात आमच्या वाडीची सामाईक भांडी आहेत. मोठे टोप, पराती, झारे, पाण्याचे पिंप. लग्नमुंजीला, गणपतीत, कुणाच्या वर्षश्राद्धाला ती लागतात. प्रत्येकावर वाडीचं नाव टोचून घातलेलं आहे आणि एका काकांकडे त्यांची वही असते. वहीत दोन रकाने: नेलं, आणलं. मे संपत आला की काका दुपारी पडवीत वही घेऊन बसतात आणि दुसऱ्या रकान्यातल्या रिकाम्या जागांवर पेन्सिलीने टिंबं देतात.

त्याच पडवीच्या पलीकडच्या खोलीत बसून मी जवळपास तेच काम करतो. मार्च २०२० मध्ये पुण्याहून आलो, ३ जूनला निसर्ग वादळाने पोफळी झोपवल्या, पुढचे काही आठवडे वीज नव्हती, आणि त्यानंतर परत जायचं राहूनच गेलं. काम जावाचं. इंटरनेटवरून होणाऱ्या फोनची जुळणी करणारे प्रोग्रॅम लिहायचे, आणि बहुतेक वेळा दुसऱ्यांनी लिहिलेले दुरुस्त करायचे.

नेलेलं परत न येणं, या दुखण्याला आमच्या धंद्यात 'रिसोर्स लीक' म्हणतात. मराठीत गळती म्हणावं तर कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे कौलं येतात. पण कौल गळलं की खाली बादली ठेवता येते, भोक कुठे आहे ते समजतं. इथे टपकत काहीच नाही. जावा स्वतःहून कचरा उचलते. ज्या वस्तूकडे जाणारा एकही धागा उरला नाही, तिची जागा मोकळी करते. अडकून राहतं ते ज्याचं काम संपलंय पण नाव अजून कुठल्यातरी यादीत आहे ते. म्हणजे नेलेलं आणि न आणलेलं भांडं. मला 'लीक' या शब्दापेक्षा काकांची वही जास्त नेमकी वाटते.

गेल्या वर्षी हातात आलेला प्रोग्रॅम साधा होता. एका कंपनीच्या ऑफिसच्या नंबरावर फोन आला की तो कर्मचाऱ्याच्या हातातल्या फोनवर वळवायचा. दोन्ही बाजूंना वाटतं आपण थेट बोलतोय. प्रत्यक्षात मधे आमचा सर्व्हर बसलेला असतो आणि त्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे फोन असतात, एक आलेला आणि एक लावलेला. ही बोलाचाली एसआयपी नावाच्या भाषेत चालते. तिचं आज चालू असलेलं मूळ प्रमाण २००२ सालचं, आरएफसी ३२६१. भाषा वाचायला सोपी आहे. 'इन्व्हाइट' म्हणजे फोन लावला, '१८० रिंगिंग' म्हणजे वाजतोय, '२०० ओके' म्हणजे उचलला, 'अ‍ॅक' म्हणजे उचलल्याचं कळलं, 'कॅन्सल' म्हणजे उचलायच्या आधीच लावणाऱ्याने नाद सोडला, 'बाय' म्हणजे ठेवला. सर्व्हर दर फोनमागे एक अ‍ॅप्लिकेशन सेशन काढतो, त्याच्या पोटात दोन एसआयपी सेशन, शिवाय एखादा टायमर. फोन संपला की हे सगळं परत जमा व्हायला हवं.

ते होत नसावं, कारण दर रविवारी पहाटे सर्व्हर रिस्टार्ट करायचा रिवाज पडला होता. का, ते कुणाला सांगता येत नव्हतं. 'केला की बरं चालतं,' एवढंच उत्तर.

मेमरीचा आलेख मागवला. तो करवतीसारखा दिसतो. वापर चढत जातो, जावा झाडलोट करते, खाली येतो, पुन्हा चढतो. नवखा माणूस वरची टोकं बघून घाबरतो. बघायची ती खालची. जोगनदीच्या खाडीत भरतीला पाणी कुठवर चढलं यावरून फारसं काही समजत नाही, सुकतीला ते कुठवर उतरतं ते बघावं लागतं. या आलेखात सोमवारपासून शनिवारपर्यंत रोजची सुकती आदल्या दिवसापेक्षा थोडी वर थांबत होती.

आता शोधायचं कुठे? कोड वाचत बसून हे सापडत नाही, निदान मला तरी कधी सापडलेलं नाही. कोड वाचताना आपण तो लिहिणाऱ्याच्याच डोक्याने वाचतो, आणि त्याच्या डोक्यात फोन नेहमी नीट संपत असतो. म्हणून मी मोजतो. सिप नावाचं एक फुकट मिळणारं साधन आहे, एसआयपी आणि शेवटी आणखी एक पी. ते खोटे फोन लावतं आणि खोटे फोन उचलतंही. कुठल्या निरोपानंतर काय पाठवायचं, किती मिलिसेकंद थांबायचं, हे आपण लिहून द्यायचं.

यातली एक युक्ती मला फार आवडते. फोन शंभर किंवा हजार असे गोल आकड्यात लावायचे नाहीत. मूळ संख्या घ्यायच्या. नीट बोलून ठेवलेले १०१ फोन, एंगेज लागलेले २११, वाजताना सोडून दिलेले ३०७, कुणी न उचललेले ४०१. सगळं झालं की हात बांधून बसायचं. एसआयपीचे स्वतःचे टायमर असतात आणि त्यांतले मोठे साधारण ३२ सेकंद चालतात, तेवढा वेळ द्यायचा आणि वर चहाचा. मग जेमॅप या जावाच्या साधनाला जिवंत वस्तूंची शिरगणती करायला सांगायचं. तो आधी झाडलोट करायला लावतो आणि मग दर जातीचे किती नग उरले त्याची लांब यादी देतो. त्या यादीत हजारो ओळी असतात, पण आपल्याला त्या वाचायच्याच नसतात. फक्त आकड्यांच्या रकान्यावरून नजर फिरवायची. कुठे २११ दिसतंय का? ४०१? किंवा २११ ची दुप्पट, ४२२?

पहिल्या रात्री एकही ओळखीचा आकडा दिसला नाही. चारही वाटा स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, हा आंजर्ल्यात न मोजण्याचा विषय, आणि मी काकांसमोर जाऊन बसलो. ते एका टोपावर अडले होते. 'चोरत कुणी नाही रे,' काका म्हणाले. 'लग्न लागलं, जेवणं झाली, आणि मंडळी मांडवातून परस्पर रात्रीच्या मुंबईच्या गाडीत. घराला कुलूप. टोप माळ्यावर. आता गणपतीला येतील तेव्हा.'

परस्पर. मी पाहिल्या होत्या त्या चारही वाटा घरावरून जाणाऱ्या होत्या. परस्पर जाणारी वाट मी घेतलीच नव्हती.

फोन लावणारा कंटाळून ठेवतो आणि नेमक्या त्याच क्षणी पलीकडचा उचलतो. 'कॅन्सल' इकडून निघालेला, '२०० ओके' तिकडून निघालेला, दोघांची वाटेत चुकामूक. प्रमाण लिहिणाऱ्यांनी हे धरलेलं आहे: अशा वेळी आलेलं ओके मान्य करून 'अ‍ॅक' द्यायचा आणि लगेच 'बाय' पाठवायचा. रात्री ही चुकामूक मुद्दाम घडवली. उचलणाऱ्या बाजूला लिहून दिलं की कॅन्सल आला तरी ओकेच पाठव, आणि कुणी बाय नाही केलं तर थोड्या वेळाने तूच कर. असे ५०३ फोन.

यादीत एसआयपी सेशनसमोर १००६ होते. अ‍ॅप्लिकेशन सेशनसमोर ५०३.

मग भांड्यावरचं नाव वाचायचं. सेशन काढताना त्याला त्या क्षणीचा स्टॅक ट्रेस, म्हणजे ते कोडच्या कुठल्या ओळीतून काढलं त्याची नोंद, चिकटवून ठेवायचा. हे महाग असतं, फक्त चाचणीत करायचं. आणि हीप डम्प, म्हणजे मेमरीची पूर्ण नक्कल, उघडून त्या सेशनला कोण धरून बसलंय ती साखळी बघायची. साखळीच्या टोकाला एक नकाशा होता, कुठल्या फोनची जोडी कुठल्या फोनशी ते सांगणारा. कोड असा: ओके आलं, अ‍ॅक दे, मग जोडीदार शोध, जोडीदार नसेल तर परत फिर. जोडीदार नव्हताच, तो ठेवून गेला होता. त्यामुळे बाय गेलंच नाही. पलीकडचा माणूस 'हॅलो, हॅलो' म्हणत राहिला असणार, थोड्या वेळाने त्याने फोन ठेवला असणार. त्याचा बाय आमच्याकडे आला. तिथेही तीच ओळ: जोडीदार शोध, नसेल तर परत फिर. उत्तरसुद्धा नाही. त्याच्या फोनने ३२ सेकंद पुन्हा पुन्हा निरोप ठेवायचा प्रयत्न केला आणि नाद सोडला. आमच्या वहीत मात्र तो अजून बोलतोच आहे.

आता कुणी विचारेल, मुदत नसते का? असते. असे प्रोग्रॅम जावात ज्या पद्धतीने लिहितात त्या एसआयपी सर्व्हलेटच्या नियमांत अ‍ॅप्लिकेशन सेशनची मुदत वेगळी काही सांगितली नाही तर ३ मिनिटं. पण मागे कधीतरी ३ मिनिटांहून लांबलेल्या फोनांचं सेशन मधेच संपून ते ठेवताना '४८१' येत असणार, म्हणजे असा फोन माहीत नाही. आणि कुणीतरी घाईत मुदतीच्या जागी शून्य लिहिलं. या नियमांत शून्य म्हणजे कधीच नाही. शिवाय २००८ च्या आवृत्तीपासून काम संपलेलं सेशन सर्व्हर आपणहून निकालात काढतो, पण स्वतःला जुन्या, २००३ च्या आवृत्तीचं म्हणवणाऱ्या प्रोग्रॅमला ती सोय आपोआप मिळत नाही. हा प्रोग्रॅम जुनाच होता. एक चूक कधी एकटी पुरत नाही. इथे तीन जमल्या होत्या आणि प्रत्येकीला तिच्या दिवशी सबळ कारण होतं.

एक बरं होतं, आवाज आमच्या सर्व्हरवरून जात नव्हता. जातो तिथे दर फोनमागे पोर्ट अडकतात आणि मेमरीच्या कितीतरी आधी ते संपतात. (पोर्टला बंदर म्हटलं तर शेजारच्या हर्णै बंदरातले लोक हसतील, पण धक्क्याला लागलेली होडी हललीच नाही तर काय होतं हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.)

दुरुस्ती ओळी मोजून सात. बाय आलं की आधी उत्तर द्यायचं, जोडीदार नंतर शोधायचा. ओके आलं आणि जोडीदार नसला तर अ‍ॅकपाठोपाठ आपणच बाय करायचं. मुदत शून्याऐवजी ३० मिनिटं, आणि संपताना फोन चालू आहे का ते बघून वाढवायची. नसेल तर लॉगमध्ये ठळक नोंद करून मग सेशन मारायचं. ती नोंद मी हट्टाने घातली. मुदतीने गुपचूप साफ केलेली चूक पुन्हा कुणाला दिसत नाही.

पुन्हा ५०३ फोन लावले. पहाटे यादी आली तेव्हा वीज होती. एसआयपी सेशनसमोर २ उरले होते, आणि ते दोन माझ्या चाचणीच्याच देखरेखीचे निघाले. तेव्हापासून आलेखातली सुकती रोज त्याच पायरीवर उतरते. काकांचा टोप गणपतीत आला, आत कुणीतरी नारळ ठेवून दिला होता.

रविवारचा रिस्टार्ट अजून चालू आहे. आता गरज नाही, मी लिहून कळवलं. 'असू दे,' म्हणाले.