हिवाळ्यातील हीट पंप : बाह्य संचातील पाण्याच्या निचऱ्याचे नियोजन

काश्मीर खोऱ्यात २१ डिसेंबरपासून ४० दिवस कडाक्याच्या थंडीचा ‘चिल्लई कलान’ हा काळ असतो. या दिवसांत श्रीनगरमधील रात्रीचे तापमान शून्याच्या कित्येक अंश खाली उतरते. अशा हवामानातही बटन आळिंबीच्या बुरशीची वाढ होण्यासाठी खोलीत २२ ते २५ अंश सेल्सिअस, तर कोंबडीच्या नवजात पिलांसाठी पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश तापमान राखावे लागते. लाकूड वा कोळशाच्या बुखारीला हीट पंप हा एक पर्याय आहे. तो उष्णता निर्माण करण्याऐवजी बाहेरच्या हवेतील उष्णता आत वाहून आणतो; त्यामुळे अनुकूल स्थितीत खर्च झालेल्या विजेच्या दुप्पट-तिप्पट उष्णता मिळू शकते. मात्र बाह्य संचातून पडणाऱ्या पाण्याची वाट गोठून बंद झाली, तर हे यंत्र ऐन थंडीत निकामी होऊ शकते आणि एका रात्रीत पिलांचा जीव धोक्यात येतो.

पाणी कोठून येते?

उन्हाळ्यात एसीच्या आतील संचाचे पाणी नळीवाटे बाहेर पडते, हे मैदानी प्रदेशातील वाचकांच्या परिचयाचे आहे. हीट पंप खोली गरम करू लागला की हा क्रम उलटतो. आता थंड कॉइल बाहेरच्या संचात असते. उष्णता शोषून घेण्यासाठी ती भोवतालच्या हवेपेक्षाही थंड राहावी लागते. त्यामुळे हवेतील बाष्प तिच्यावर जमते आणि कॉइलचे तापमान शून्याखाली असल्यास त्याचा पांढरा थर तयार होतो. हा थर काढण्यासाठी यंत्र ठरावीक वेळाने काही मिनिटे उलट्या दिशेने चालते, कॉइल तापवते आणि थर वितळवते. वितळलेले पाणी संचाच्या तळाशी असलेल्या ट्रेमध्ये पडते व तेथील छिद्रांतून बाहेर जाते.

या पाण्याचे प्रमाण किती असते? तापमान २ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे ५ ग्रॅम बाष्प असते. ही हवा कॉइलवरून जाताना उणे २ अंशांपर्यंत थंड झाल्यास त्यातील सुमारे १ ग्रॅम बाष्प कॉइलवर उरते. संचातून तासाला २,००० घनमीटर हवा जात असेल, तर दर तासाला दीड ते दोन लीटर, म्हणजे १० तासांच्या रात्रीत बादलीभर पाणी साचते.

उणे १५ अंशांना मात्र संपृक्त हवेतही प्रति घनमीटर सुमारे दीड ग्रॅमच बाष्प असते. म्हणूनच लडाखच्या अतिथंड पण कोरड्या हवेपेक्षा काश्मीर खोऱ्यातील दमट, शून्याच्या आसपास रेंगाळणाऱ्या हवेत निचऱ्याची समस्या अधिक बिकट होते.

निचरा अडल्यास

ट्रेमधील पाणी बाहेर जाण्यापूर्वीच गोठले, तर प्रत्येक वेळी वितळणारे नवे पाणी त्या बर्फावर साठते आणि बर्फ तळापासून वर चढू लागतो. कॉइलचा खालचा भाग झाकला जाऊन हवेला वाट उरत नाही. उरलेल्या भागावर थर अधिक वेगाने जमतो, वितळवण्याच्या फेऱ्या वाढतात आणि प्रत्येक फेरीसाठी लागणारी उष्णता बहुधा खोलीतूनच घेतली जाते. वीज अधिक खर्च होऊनही खोली थंड राहते. पुढे पंख्याची पाती बर्फावर आदळून तुटू शकतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. त्या दाबाने कॉइलच्या नळ्या चेपल्या किंवा फुटल्यास शीतक वायू निसटतो आणि दुरुस्ती खर्चिक ठरते.

थंडीपूर्वीची तयारी

पुढील कामे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पानगळ आटोपताच पूर्ण करावीत.

१. संच जमिनीपासून किमान ३० सेंटिमीटर उंच, मजबूत चौकटीवर बसवावा. जेथे याहून अधिक बर्फ साचतो, तेथे चौकट त्या थराच्याही वर असावी.

२. चिनार, सफेदा आणि सफरचंदाची वाळलेली पाने ट्रेमध्ये अडकतात. वीज बंद करून ती काढावीत. नंतर ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते सर्व छिद्रांतून विनाअडथळा जाते का, हे तपासावे.

३. शक्य असल्यास छिद्रांना नळी जोडू नये. पाणी थेट खाली पडू द्यावे. बारीक नळी सर्वांत आधी गोठते. नळी अपरिहार्य असल्यास ती रुंद, आखूड, उष्णतारोधक आवरणाची आणि दर मीटरला किमान २ सेंटिमीटर उताराची असावी. तिच्यात तापणारी केबल बसवून घेणे हितावह.

४. संचाखाली खडीने भरलेला शोषखड्डा करावा. पाणी पायवाटेवर वा दारासमोर आल्यास तेथे निसरडा बर्फ तयार होतो.

५. पागोळ्या संचावर पडू नयेत. वर छोटे छप्पर चालेल. मात्र संच ताडपत्रीने गुंडाळू नये, कारण त्याला मोकळी हवा लागते.

६. ट्रे तापवणारा हीटर असल्यास तो चालू होतो का, हे तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे.

हिवाळ्यातील देखभाल

आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक हिमवर्षावानंतर संचाची पाहणी करावी. कॉइलवरील पातळ पांढरा थर, वितळताना निघणारी वाफ आणि त्या वेळी थांबणारा पंखा ही बिघाडाची लक्षणे नव्हेत. वितळण्याची फेरी संपल्यावरही तळाशी कठीण, पारदर्शक बर्फ उरत असेल, तर निचरा अडला आहे असे समजावे. अशा वेळी मुख्य वीजपुरवठा बंद करून कोमट पाण्याने बर्फ वितळवावा व ते पाणी पूर्ण निघून गेल्याची खात्री करावी. टोकदार अवजाराने बर्फ फोडू नये. नळ्यांना छिद्र पडते. उकळते पाणी वापरू नये. मिठाने धातू गंजतो, म्हणून तेही टाळावे.

थंडीत वीज अनेकदा खंडित होते. त्या वेळी हीटर आणि तापणारी केबल दोन्ही बंद पडतात, तर ट्रेमधील पाणी गोठू लागते. म्हणून उंच चौकट, मोकळी छिद्रे आणि खालचा शोषखड्डा यांनाच प्राधान्य द्यावे. पाणी स्वतःच्या भाराने वाहून जाईल अशी व्यवस्था विजेवर अवलंबून नसते. विजेची साधने तिला पूरक म्हणूनच वापरावीत.