फूटपाथ सोडून आम्ही रस्त्यावर का चालतो?

आमच्याकडे गाडी नाही. कॅम्पातून कॉलेज, खडेबाजार, मिस्सा, सगळं पायीच. माणूस तासाला साधारण ५ किलोमीटर चालतो, म्हणजे किलोमीटरला १२ मिनिटं. बेळगावात अंतर जड जात नाही, जड जातो तो फूटपाथ.

"फूटपाथ असताना रस्त्यावर कशाला चालता?" एक स्कूटरवाला आजीवर ओरडला. त्या दिवशी मी शिवणाची टेप घेऊन गेले. फूटपाथची उंची भरली ३० सेंटिमीटर! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती १५ पेक्षा जास्त नको, आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. आमच्या वाटेवर मध्येच खांब, मग उभ्या दुचाकी, शिवाय दर गेटपाशी फूटपाथ तुटलेला. तिथं उतरायचं, पुन्हा फूटभर चढायचं. गुडघे दुखणारी बाई हे दहादा कसं करणार? ती रस्त्यावरून चालते, कारण रस्ता सपाट आहे. तेव्हा चालणाऱ्याला शिस्त शिकवण्याआधी ती पायरी मोजा.

आजीनं रोजच्या मिस्साला जाणं सोडलंय. रविवारी तेवढी माझा हात धरून येते. चर्च घरापासून दहा मिनिटांवर आहे.