लॅपटॉपची वॉरंटी नेमकी कोणाची?

लॅपटॉप दुकानातून घेतला, तरी त्याच्यासोबत येणारी वॉरंटी सहसा दुकानदाराची नसते. ती लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची असते. सांगलीच्या वालचंद किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश पक्का झाला, की घरात या खरेदीचा विषय निघतो आणि पावले अनेक कंपन्यांचा माल ठेवणाऱ्या दुकानाकडे वळतात. दुकानदार ओळखीचा असतो. ‘काही झालं तर इकडे घेऊन या, मी बघतो,’ असे तो मनापासून सांगतो. पण मदरबोर्ड गेला की मशीन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जाते. तिथे पाहिला जातो तो सिरीयल नंबर आणि बिल.

हा नंबर खोक्यावरच्या स्टिकरवर असतो, लॅपटॉपच्या पाठीवर बारीक अक्षरांत असतो आणि मशीनच्या बायोसमध्येही असतो. तिन्ही जुळायला हवेत, आणि तोच नंबर बिलावर चढायला हवा. म्हणून खोके दुकानातच फोडून घ्यावे. नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की वॉरंटीची मुदत दिसते. काही वेळा ती आधीच सुरू झालेली दिसते, कारण कंपनीच्या नोंदीत माल वितरकाकडे रवाना झाल्याची तारीख असते. बिलाची प्रत पाठवली की सहसा ती दुरुस्त होते. हे काम पहिल्या आठवड्यातच उरकावे. सहा-सात महिने संपलेले दिसले, तर तो पीस डेमोला ठेवलेला किंवा परत आलेला होता का, हे पैसे देण्याआधी स्पष्ट विचारावे.

लॅपटॉपवर 18 टक्के जीएसटी आहे. मूळ किंमत 50,000 रुपये असेल तर कराचे 9,000 होतात, त्यामुळे ‘बिल नको असेल तर कमी करून देतो’ याचा मोह मोठा असतो. तो टाळलाच पाहिजे. कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटीचा दावा उभा राहत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मिळालेले बिल थर्मल कागदावर असेल, तर कपाटातल्या प्लॅस्टिकच्या फाइलमध्येही अक्षरे पुसट होत जातात आणि गरज पडते तेव्हा हाती कोरा कागद येतो. त्याच दिवशी फोटो काढून स्वतःला मेल करून ठेवावा.

काउंटरवर पैसे देताना ‘दोन वर्षं वाढवून घ्या’ असे सुचवले जाते, तेव्हा ही वाढीव वॉरंटी देणार कोण, हे आधी विचारावे. कंपनीची असेल तर ती त्याच सिरीयल नंबरवर चढते आणि संकेतस्थळावर दिसते. दुकानाची किंवा तिसऱ्याच संस्थेची असेल तर तिथे दिसत नाही. तिच्या अटी, दुरुस्तीचे ठिकाण आणि भरपाईची कमाल रक्कम वेगळी असते. ते पत्रक हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बॅटरी आणि अडॅप्टर अनेकदा वाढीव मुदतीतून वगळलेले असतात.

साधी वॉरंटी फक्त निर्मितीतल्या दोषाला लागू असते. पडणे, पाणी, विजेचा जास्त दाब हे त्यात येत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या घरादुकानांत शिरले. अशा पाण्यात भिजलेल्या मशीनला साध्या वॉरंटीचा आधार नसतो. अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते, आणि त्यातूनही पूर वगळलेला असू शकतो. नदीकाठच्या घरांनी ते कलम आवर्जून वाचावे.

मशीन दुरुस्तीला देताना जॉबशीट नीट वाचूनच सही करावी. त्यावर ‘फिजिकल डॅमेज’ किंवा ‘लिक्विड’ अशी खूण असेल आणि ती मान्य नसेल, तर तसे तिथेच लिहावे. मशीन देण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढलेले असले की पुढचा वाद बराच कमी होतो.

सदोष वस्तू परत घेण्याची मुदत बिलावर लिहिलेली नसेल, तर कायदा 30 दिवस धरतो. त्या काळात ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाच्या आड येऊ शकत नाही. दाद लागली नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे जाता येते, त्यामुळे पुण्यात घेतलेल्या लॅपटॉपसाठी साताऱ्याच्या माणसाला पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी या कायद्याबाहेर राहते. मात्र स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः लॅपटॉप वापरणारा फोटोग्राफर किंवा कर-सल्लागार ग्राहकच ठरतो.