शपथ आणि शब्द

पस्तीस वर्षें मास्तरकी केल्यावर एक गोष्ट मला कळून चुकली. खडू कोणीं घेतला असें विचारतांच जो मुलगा सर्वांआधीं "गळ्याशपथ, गुरुजी!" म्हणून उठतो, त्याच्याच खिशांत तो खडू बहुधा सांपडतो, आणि "मीं घेतला नाहीं" एवढेंच शांतपणें सांगणारा बहुधा खरें बोलत असतो. मनुष्याच्या शब्दाला मोल शपथेनें येतें कीं शीलानें, या प्रश्नानें एके काळीं इंग्लंडच्या पार्लमेंटला सहा वर्षें सतावलें होतें. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

१८५१ सालीं जॉर्ज जेकब होलिओक यांनीं 'सेक्युलरिझम' हा शब्द प्रचारांत आणला. त्यालाच आपण इहवाद म्हणतों. नीति आणि राज्यकारभार यांचा विचार परलोकाच्या आधारावांचून, याच जगांतील सुखदुःखाच्या कसोटीवर करावा, हें त्याचें सार. पुढें १८६६ मध्यें चार्ल्स ब्रॅडलॉ यांनीं 'नॅशनल सेक्युलर सोसायटी' स्थापिली. चर्च व राज्य यांची फारकत व्हावी, आणि धर्ममतामुळें कोणाचा नागरिक हक्क बुडूं नये, हे तिचे हेतु. गरीब घरांत जन्मलेल्या ब्रॅडलॉसाहेबांनीं गांवोगांव व्याख्यानें देऊन ती वाढविली.

१८८० मध्यें नॉर्दम्प्टनच्या मतदारांनीं त्यांना पार्लमेंटांत निवडून दिलें. तेथें बसण्यापूर्वीं ईश्वराच्या नांवें शपथ घ्यावी लागे. त्याऐवजीं गंभीरपणें प्रतिज्ञा करूं द्यावी, अशी त्यांनीं मागणी केली. क्वेकर पंथीयांना ही सवलत होतीच. पण ब्रॅडलॉसाहेबांना ती नाकारण्यांत आली. मग ते शपथ घेण्यास सिद्ध झाले, तर नास्तिकाची शपथ ती कसली, म्हणून तीहि घेऊं देईनात! त्याच वर्षीं जूनमध्यें त्यांना पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यांत एक रात्र कोंडलें. पुढील वर्षीं ऑगस्टांत पोलिसांनीं ओढून बाहेर काढलें. तीनदां पोटनिवडणूक झाली आणि तिन्ही वेळां मतदारांनीं त्यांनाच निवडलें. अखेर जानेवारी १८८६ मध्यें नव्या सभापतींनीं कोणाचीहि हरकत ऐकून न घेतां त्यांना शपथ घेऊं दिली.

ज्याला देवाचें भय नाहीं त्याच्या शब्दावर विश्वास कसा ठेवावा, हा विरोधकांचा आक्षेप. मी स्वतः नित्य संध्या करणारा मनुष्य आहें. तरी मला हा आक्षेप पटत नाहीं. लबाड नास्तिकाला अडचण कसली? तो ओठांनीं शपथ पुटपुटून खुशाल आंत जाऊन बसे. अडके तो आपलें मत उघड सांगणारा! जी चाळणी लबाडाला सोडते आणि प्रामाणिकाला धरते, ती धर्माचें रक्षण काय करणार?

ब्रॅडलॉसाहेबांनीं ही चाळणीच दूर केली. त्यांच्या खटपटीनें १८८८ चा शपथांचा कायदा झाला, आणि पार्लमेंटांत व न्यायालयांत शपथेऐवजीं प्रतिज्ञा करण्याचा हक्क मिळाला. १८८९ च्या डिसेंबरांत ते मुंबईस राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाला आले होते. हिंदुस्थानची बाजू ते इतक्या निष्ठेनें मांडीत कीं, लोक त्यांना 'हिंदुस्थानचे सभासद' म्हणत. ३० जानेवारी १८९१ रोजीं ते वारले. त्यापूर्वीं थोडेच दिवस, ते मरणशय्येवर असतां, पार्लमेंटनें त्यांच्याविरुद्धचा १८८० चा ठराव आपल्या दप्तरांतून काढून टाकला. त्यांच्या अंत्यविधीस हजर असलेल्या हिंदी लोकांत एक तरुण विद्यार्थी होता, मोहनदास गांधी.

त्यांची संस्था अद्याप कार्य करीत आहे. इंग्लंडांतील ईश्वरनिंदेचा गुन्हा २००८ सालीं रद्द झाला, ही तिची जुनी मागणी होती. लॉर्डांच्या सभेंत २६ बिशप आपल्या पदाच्या बळावर बसतात, ती प्रथा बंद करावी ही मागणी अजून उभी आहे.

आपल्या संविधानानेंहि मंत्र्याला आणि लोकप्रतिनिधीला दोन वाटा ठेवल्या आहेत: ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन. कोणी दुसरी वाट धरली तर आपण कपाळाला आठ्या घालूं नयेत. वाट कोणतीहि असो, दिलेला शब्द पाळला कीं नाहीं, एवढेंच आपण पाहावें.