पुसलेला ऋणनिर्देश

वाङ्मयचौर्य म्हणजे दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून छापणे, असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. परंतु दुसऱ्याचे काम ग्रंथात तसेच ठेवून त्याचा ऋणनिर्देश, म्हणजे प्रस्तावनेतील कृतज्ञ उल्लेख, तेवढा वगळणे हाही त्याच अपराधाचा प्रकार असून तो पकडणे अधिक अवघड असते. संतांनी अभंगाच्या अखेरीस आपले नाव गुंफण्याची, म्हणजे नाममुद्रेची, प्रथा पाळली, तरीही आपली वाणी स्वतःच्या नावावर खपवणाऱ्या सालोमालोविषयी तुकोबांना तक्रार करावी लागली. गणिताला तर अशी मुद्राही नसते.

या प्रकाराचे एक ठळक उदाहरण ज्या खात्यात घडले, त्याचा पाया घालणाऱ्या विल्यम लॅम्टन यांची कबर हिंगणघाटात आहे. 1802 साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्यांनी जे काम आरंभले, तेच पुढे भारताचे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण म्हणून ओळखले गेले, आणि जानेवारी 1823 मध्ये हैदराबादहून नागपूरकडे जाताना हिंगणघाटी त्यांचा मृत्यू झाला. या पद्धतीत एकच रेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजतात आणि पुढे त्रिकोणामागून त्रिकोण जोडत केवळ कोन मोजून उरलेली अंतरे गणिताने काढतात. म्हणून दुर्बीण लावणाऱ्याइतकाच कचेरीत बसून आकडेमोड करणारा गणकही महत्त्वाचा ठरतो.

लॅम्टन यांचे उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या काळात, 1831 साली, कोलकात्याच्या हिंदू कॉलेजातील राधानाथ सिकदार हे तरुण गणिती या खात्यात गणक म्हणून दाखल झाले आणि पुढे मुख्य गणक झाले. शंभराहून अधिक मैलांवरून टिपलेल्या कोनांत प्रकाशाचे वक्रीभवन आणि पृथ्वीची वक्रता यांची दुरुस्ती करून ‘शिखर क्रमांक 15’ची उंची काढण्याचे श्रेय सामान्यतः त्यांना देतात, निरीक्षणे अनेकांची होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. शिखराला नाव मात्र एव्हरेस्ट यांचे मिळाले.

खरा अन्याय त्या नामकरणात नसून एका पुस्तकात आहे. स्माइथ आणि थ्युलियर यांनी 1851 साली सिद्ध केलेल्या सर्वेक्षणाच्या मार्गदर्शक ग्रंथात शास्त्रीय गणिताचा महत्त्वाचा भाग सिकदारांचा होता आणि प्रस्तावनेत तो मोकळेपणाने मान्य केलेला होता. 1870 साली सिकदार वारले. 1875 ची तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा त्यांचे गणित राहिले आणि नाव गेले. 1876 साली ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या पत्राने या कृत्याची मृताची लूट म्हणून संभावना केली.

सिकदार सरकारी नोकर होते, हे समर्थन येथे टिकत नाही. आजच्या 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार नोकराच्या कामाची मालकी सरकारकडे जाऊ शकते, परंतु कलम 57 प्रमाणे कर्तृत्वावर दावा सांगण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत मात्र साम्याची मोजणी टक्क्यांत होते आणि 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. संगणक जुळणारे शब्द मोजतो. गळलेले एक नाव त्याला दिसत नाही. 1875 ची लबाडी सिकदारांची योग्यता जाणणाऱ्या माणसांमुळे उघडकीस आली, आणि त्यांच्यापैकी मॅकडोनाल्ड या सर्वेक्षण खात्यातीलच अधिकाऱ्याला जाहीर निषेध केल्याबद्दल शिक्षा भोगावी लागली.