नऊ की दहा

सकाळी 9.10

एडिसन, न्यू जर्सी. ओक ट्री रोडवरून गाडीने दहा मिनिटं. पिझ्झावाला आणि ड्रायक्लीनर यांच्या मध्ये कार्डांचं दुकान आहे. पुढे काचेखाली बेसबॉल, बास्केटबॉल आणि पोकेमॉनची कार्डं. गिऱ्हाईक अकराला येतं. काकू मागच्या दाराने नवाच्या पुढेमागे येतात. वय छप्पन्न, माहेर डोंबिवली. दुकानातली पोरं त्यांना काकूच म्हणतात. त्यांचं ऐकून गोरा मालकही तेच म्हणायला लागला आहे.

आल्या आल्या त्या बांगड्या उतरवून डब्याच्या झाकणात ठेवतात. मंगळसूत्र टॉपच्या आत सारतात, वाकल्यावर ते कार्डाला घासायला नको. मग साबणाने हात धुतात, कागदाने टिपतात आणि पाच मिनिटं नुसत्या बसतात. हात पूर्ण सुकले पाहिजेत. क्रीम संध्याकाळपर्यंत बंद. इथल्या थंडीत बोटांना भेगा पडतात, त्यांची कड त्या कानशीने घासून घेतात. हातमोजे घालत नाहीत. "मोज्यात कोपरा कळत नाही," म्हणतात.

सकाळी 9.30

टेबलावर काळं फेल्ट. वाकवता येणारा पांढरा दिवा. दहापट मोठं दाखवणारं भिंग, चौदा डॉलरचं. समास मोजायची पारदर्शक पट्टी, आठ डॉलर. मायक्रोफायबरचं फडकं. पातळ प्लास्टिकच्या स्लीवांची पाकिटं, आणि कार्ड पाठवायचे अर्धकडक होल्डर, पन्नासला दहा-बारा डॉलर. काकूंचा पगार तासाला अठरा डॉलर. चेक दर दुसऱ्या शुक्रवारी.

काम सांगायला सोपं आहे. मालक विकत घेतलेली कार्डं यांच्यापुढे ठेवतो. त्यातली ग्रेडिंगला कोणती पाठवायची, हे यांनी ठरवायचं. ग्रेडिंगची कंपनी कार्ड तपासते, एक ते दहामधला आकडा देते आणि आकड्याच्या लेबलासकट ते कडक प्लास्टिकच्या डबीत सील करते. या डबीला स्लॅब म्हणतात. पीएसए ही या धंद्यातली सगळ्यांत मोठी कंपनी, 1991 साली सुरू झालेली. नऊ आणि दहा यांतला फरक साध्या डोळ्याला बहुतेक वेळा दिसत नाही. पैशात तो दुप्पट-तिप्पट असतो, गाजलेल्या कार्डांत दहापटही.

काकूंना बेसबॉलचे नियम येत नाहीत. पोकेमॉनमधलं पिकाचू तेवढं ओळखतात, नातवामुळे. पण मुंबईत सीप्झमध्ये दागिन्यांच्या कारखान्यात त्या तपासणीच्या टेबलावर होत्या. भिंग डोळ्याला लावून तासन्‌तास बसायची सवय तेव्हाची.

सकाळी 10.00

आज पुढ्यात शंभर कार्डं आहेत, सगळी पोकेमॉनची.

पहिलं उचलतात. अंगठा आणि मधलं बोट, फक्त कडांवर. आधी समास. डावीकडचा समास उजव्यापेक्षा रुंद दिसतो. पारदर्शक पट्टी लावतात. 58 ला 42. दहा हवं तर पुढून साधारण 55 ला 45 च्या आत बसायला हवं. मागच्या बाजूला सूट जास्त, 75 ला 25 पर्यंत. हे कार्ड बाद, म्हणजे डावीकडच्या ढिगात. तो ढीग दुकानात तसाच सुटा विकला जातो.

दुसऱ्याचा समास ठीक. मग चारही कोपरे भिंगाखाली. मग पाठ, कारण तिथली कड निळी आहे आणि निळ्यावर पांढरा टवका लगेच उठून दिसतो. मग पृष्ठभाग. यासाठी दिवा खाली वाकवून जवळजवळ आडवा करतात आणि कार्ड हळूहळू कलतं करतात. उजेड घसरत जातो. वरच्या एक-तृतीयांश भागात एक सरळ बारीक रेघ चमकते आणि विझते. छपाईची रेघ आहे. ती पुसून जाणार नाही. पाकिटातून निघालं तेव्हाच ती त्याच्यात होती.

"हिऱ्यात डाग आत असायचा," काकू म्हणतात. "इथे सगळं वरच असतं. पण उजेड बरोबर पडला तरच."

एका कार्डाला तीन-चार मिनिटं. मी पलीकडे बसून तीच कार्डं त्याच दिव्याखाली कलती करून पाहतो. त्यांना दिसलेल्या रेघांतल्या निम्म्याही मला दिसत नाहीत.

सकाळी 10.50

मालक येतो. खोका घेऊन. दोन-अडीच महिन्यांपूर्वी पाठवलेली अडतीस कार्डं परत आली आहेत. आकडे त्याने काल रात्रीच फोनवर पाहिले, तरी तो एकेक स्लॅब काढून मांडतो. सतरा दहा. सोळा नऊ. चार आठ. एक बिनआकड्याचं, त्याची कड कापलेली असल्याचा शेरा.

काकू आधी आठ आलेली घेतात. दिव्याखाली एकेक कलती करतात. तिसऱ्याच्या पाठीवर, खालच्या उजव्या बाजूला, नखाच्या टोकाएवढा खळगा. "हा माझ्याकडून सुटला," एवढंच म्हणून वहीत लिहितात. वहीत तारीख, कार्ड, त्यांचा अंदाज आणि आलेला आकडा. रकाने त्यांनी स्वतः आखलेत.

कापलेल्या कार्डाचं मालकाला वाईट वाटतं. ते त्याने एका प्रदर्शनात रोखीने घेतलं होतं. झिजलेली कड कापून ताजी करणं हा या धंद्यातला जुना रोग आहे. पीएसएने 1991 मध्ये ज्या कार्डाला पहिला आकडा दिला, ते होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलपटूचं तंबाखूच्या पाकिटातलं कार्ड होतं आणि आकडा होता आठ. पुढे 2013 मध्ये बिल मास्त्रो या लिलाववाल्याने कोर्टात कबूल केलं की ते त्याने कापलं होतं. ते कार्ड तोवर लाखो डॉलरला हात बदलत राहिलं होतं.

सकाळी 11.30

मालक संगणकावर विक्रीभाव काढतो. मागितलेली किंमत तो बघत नाही, झालेले सौदे बघतो. दहा आलेल्यांत एकाच कार्डाच्या सहा प्रती आहेत. पाठवली तेव्हा दहाचा स्लॅब 140 डॉलरला जात होता. आज 85.

कार्डात काही बदललेलं नाही. पण त्या आठवड्यांत देशभरातल्या दुकानांनी तेच कार्ड पाठवलं. कोणत्या कार्डाला किती दहा दिले, हे कंपनी जाहीर करते. गिऱ्हाईक तो आकडा बघून थांबतं. अप्पर डेक कंपनीच्या 1989 च्या संचातलं बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनियरचं पहिलं कार्ड घ्या. दहा मिळालेल्या त्याच्या प्रती चार हजारांवर आहेत, तरी त्याला मागणी आहे, कारण त्या पिढीतल्या प्रत्येक पोराला ते हवं होतं. या सहा प्रतींच्या पाठीशी तसं कोणी नाही. मालक दोन विकायला लावतो आणि चार खणात ठेवतो.

दुपारी 12.40

जेवण. काकूंच्या डब्यात पोळी, मेथीची भाजी, लिंबाचं लोणचं. टेबलापासून लांब, पॅकिंगच्या खोलीत. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी बिनपगारी. परत आल्यावर पुन्हा साबण, पुन्हा पाच मिनिटं.

दुपारी 1.30

पुढे एक गृहस्थ आलेत, साठीचे. चपलांची दोन खोकी. वडिलांनी जमवलेली बेसबॉलची कार्डं. मालक काकूंनाही बोलावतो.

लाल कडांची, डॉनरस कंपनीची 1990 ची. पिवळ्या कडांची, फ्लीअर कंपनीची 1991 ची. पिवळा रंग दिसला तेव्हाच मालकाचा चेहरा बदलला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला कार्डं इतकी छापली गेली की अजून लोकांच्या माळ्यांवर सीलबंद खोकी सापडतात. सगळ्यांनी जपून ठेवली. तीच अडचण झाली. त्याआधीची दुर्मीळ आहेत, कारण ती आयांनी फेकून दिली, पोरांनी सायकलच्या चाकात लावली. 1952 ची न खपलेली कार्डं तर टॉप्स कंपनीने पुढे बोटीवर लादून अटलांटिकमध्ये टाकली. त्याच संचातलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. आकडा होता साडेनऊ.

काकू खोक्यातली पाच-सहा कार्डं दिव्याशी धरतात. कोपरे टोकदार, समास चांगले. "फार नीट ठेवलीत हो तुमच्या वडिलांनी," त्या इंग्रजीत सांगतात. मालक भाव सांगतो: दोन्ही खोकी मिळून चाळीस डॉलर. ग्रेडिंगला पाठवलं तर प्रत्येकाची फीसुद्धा निघणार नाही. गृहस्थ जरा वेळ उभे राहतात. मग खोकी उचलून घरी नेतात. मला ते बरं वाटलं.

दुपारी 2.15

उरलेली कार्डं. पाठवायच्यांचा उजवा ढीग लहान आहे. मालकाने भिंतीवर हिशेब चिकटवलाय, तो मी उतरवून घेतो. सुटं कार्ड चाळीस डॉलरचं. ग्रेडिंगची फी, टपाल, विमा मिळून तीस. गुंतले सत्तर. दहा आलं तर 120 ला विकतं, ऑनलाइन बाजार तेरा टक्के कापतो, हाती 104. चौतीस सुटले. नऊ आलं तर पन्नासला विकतं, हाती साडेत्रेचाळीस. साडेसव्वीस गेले. म्हणजे दहा कार्डं पाठवली तर निदान पाचांना दहा पडलंच पाहिजे. यात काकूंचे तास धरलेले नाहीत.

म्हणून काकूंची खरी किंमत डाव्या ढिगात आहे. न पाठवलेल्या प्रत्येक कार्डामागे तीस डॉलर वाचतात. हे कुठल्या लेबलावर येत नाही.

दुपारी 3.20

काउंटरवरच्या पोराचा फोन वाजतो, मग दुसऱ्याचा. बेसबॉलच्या एका तरुण पिचरचा कोपर दुखावलाय, शस्त्रक्रिया लागेल म्हणतात. पोरगा काचेखालून त्याची तीन कार्डं काढतो, तिन्ही दहाची, आणि किमतीच्या चिठ्ठ्या सोलतो. नवी चिठ्ठी लावत नाही. "उद्या बघू."

भाव कसे पडतात म्हणून मालक मला 2021 ची गोष्ट सांगतो. टाळेबंदीत लोक घरात होते, हातात पैसा होता. बास्केटबॉलच्या मायकेल जॉर्डनचं 1986 चं फ्लीअरचं कार्ड, दहाचं, त्या जानेवारीच्या शेवटी 7,38,000 डॉलरला गेलं, एकाच लिलावात दोन. मार्चअखेर पीएसएकडे कार्डांचे इतके डोंगर साठले की तिने बहुतेक सेवा बंद केल्या. वर्षभरात तेच कार्ड, त्याच आकड्याचं, दोन लाखांच्या आसपास आलं. मालकाने तेव्हा कर्ज काढून माल भरला होता. फेडायला तीन वर्षं लागली.

दुपारी 4.10

शंभरातली एकवीस निवडली. आता बांधणी. फडक्याने एक हलका हात, दाबायचं नाही. कार्ड स्लीवमध्ये, स्लीव होल्डरमध्ये. आत सरकवताना कोपरा वाकला तर सकाळपासूनचं सगळं वाया, म्हणून काकू श्वास रोखून सरकवतात. वर चिकटपट्टीची छोटी जीभ, तपासणाऱ्याला ओढून काढता यावं म्हणून. होल्डर फॉर्मवरच्या क्रमाने लावायचे. दोन पुठ्ठ्यांमध्ये गठ्ठा, रबर सैल. मग बुडबुड्यांचा कागद.

फॉर्मवर प्रत्येक कार्डाची अंदाजी किंमत लिहावी लागते. फी त्यावर ठरते, विमाही. कमी लिहिली आणि कार्ड हरवलं तर तेवढेच मिळणार. कार्ड चांगला आकडा घेऊन महाग ठरलं, तर कंपनी वरची फी आकारते. मालक प्रत्येक आकड्यावर थबकतो.

खोका बंद झाल्यावर काकू कानाशी धरून हलवतात. आत खडखडतंय. उघडतात, कोपऱ्यात कागद कोंबतात, पुन्हा हलवतात. आता गप्प.

संध्याकाळी 5.25

कुरियरवाला खोका नेतो. पावती वहीत. वहीच्या नव्या पानावर एकवीस ओळी, प्रत्येकीपुढे काकूंचा अंदाज: तेरा दहा, आठ नऊ. शेवटचा रकाना रिकामा.

संध्याकाळी 5.45

दिवसाचे आठ तास, 144 डॉलर, कर कापायच्या आधी. सतरा दहा आल्याचे जास्त नाहीत, खळगा सुटल्याचे कमी नाहीत. मला ते खटकतं आणि मी विचारतो. "पगार ठरलेला बरा," काकू म्हणतात. "टक्क्यावर असते तर मी उगाच पाठवली असती."

काकू बांगड्या चढवत असताना मालक आणखी एक पेटी ढकलत आणतो. कोणाचं तरी दुकान बंद झालंय, सगळा माल घाऊक मिळाला. काकू वरची चार कार्डं उचलून पाठी बघतात.

"किती आहेत?"

"सहाशे."

"मग मी उद्या आठला येते. किल्ली देऊन ठेव."